दिव्यांगांचा रक्तदाब कोण मोजणार?

मार्च महिना संपत आला की आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेची एक बैठक होते. येत्या वर्षात दिव्यांग आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात काय करायचे, ते तिथे ठरते. यंदा निमंत्रण आले तेव्हा सोबतची यादी मी मोजली. एकूण सतरा विषय होते. कृत्रिम अवयवांचे शिबिर, व्हीलचेअर वाटप, ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन, शाळांमधली व्याख्याने, नवजात बाळांची श्रवणतपासणी, प्रमाणपत्रांची शिबिरे, मंत्रालयात द्यायचे निवेदन आणि असेच आणखी दहा. यादी वाईट नव्हती. त्यातला एकही विषय अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षीची यादी कपाटातून काढून शेजारी ठेवली, तर चौदा विषय तेच निघाले. त्यांपैकी किती पुरे झाले हे कुणालाच सांगता येईना. कारण कुणी मोजलेच नव्हते.

बैठक होती बाजारपेठेतल्या एका हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. दिव्यांगांसाठीचे अग्रक्रम ठरवायला आम्ही तीस-पस्तीस डॉक्टर जिना चढून वर गेलो आणि यात काही चुकते आहे, हे कुणाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. ते ध्यानात आणून दिले खाली झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. ते कुबड्यांवर चालतात, माझे जुने पेशंट आहेत. उतरताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, आज वर कसली मिटिंग?" मी म्हटले, "दिव्यांगांच्या आरोग्याची." त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि हसले. बोलले काहीच नाहीत.

आजचा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

एका बुधवारची गोष्ट

सरकारी रुग्णालयात मला आता सत्तावीस वर्षे होतील. आमच्याकडे बुधवारी दिव्यांग मंडळ बसते. त्या दिवशी सकाळी सातपासून व्हरांड्यात रांग असते. कुणी मुक्कामाच्या एसटीने आलेले असते, कुणाला भावाने मोटरसायकलवर मागे घट्ट धरून आणलेले असते. मंडळावर फिजिशियन म्हणून माझीही सही लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बुधवारी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची एक बाई नव्या ओळखपत्रासाठी आली. दोन वर्षांची असताना पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले. हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून ती गावात हिंडायची आणि हाताच्या शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवायची. आम्ही तिच्या पायांच्या एकेका स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत लिहिली, पायांची लांबी टेपने मोजली, बेरीज केली, टक्केवारी काढली. उठता उठता ती म्हणाली, "साहेब, कधी कधी डोकं फार जड होतं." मी म्हटले, "उन्हातून आलात ना ताई, म्हणून." रांग मोठी होती. बीपीचे यंत्र त्याच टेबलावर, माझ्या कोपरापाशी होते.

सव्वा वर्षाने तिला आपत्कालीन विभागात आणले. रक्तदाब वरचा २२०, खालचा १३०. मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झालेला. जीव वाचला, बोलणे बऱ्यापैकी परत आले, पण उजवा हात गेला तो गेलाच. मशीनचे चाक फिरवणारा आणि तीनचाकी चालवणारा हात तोच होता. पोलिओने तिचे जे नेले नव्हते, ते न मोजलेल्या रक्तदाबाने नेले.

पुढे सुधारित प्रमाणपत्रासाठी ती पुन्हा मंडळासमोर आली. नणंदेने धरून आणले होते. मी कागदावर लिहीत असताना तिने विचारले, "साहेब, आता किती टक्के?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. आकडा सांगितला. पण तिच्या आजाराचा हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की मधल्या वर्षांत ती आरोग्य यंत्रणेच्या दारात कितीतरी वेळा येऊन गेली होती. प्रवास सवलतीसाठी, संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी, कॅलिपर बदलण्यासाठी. दर वेळी कुणीतरी तिचे पाय पाहिले. दंडाला पट्टा मात्र एकदाही कुणी बांधला नाही. तिच्यासमोर बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला, आणि त्यात मीही आलो, ती 'पोलिओची केस' वाटत होती. पोलिओची केस असलेल्या माणसाला रक्तदाबही असतो, मधुमेह होतो, स्तनात गाठ येते, मन खचते, हे आम्ही परीक्षेत लिहू शकलो असतो. समोर माणूस बसलेला असताना ते आठवत नाही.

ही एका डॉक्टरची चूक म्हणून सोडून देता आली असती तर बरे झाले असते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांच्या आरोग्यातील विषमतेवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एकाला. त्यांच्यातल्या काहींचे आयुष्य इतरांपेक्षा तब्बल २० वर्षांपर्यंत कमी भरते. मधुमेह, पक्षाघात, दमा, नैराश्य, लठ्ठपणा, दातांचे विकार यांचा धोका त्यांना दुपटीने असतो. हे सगळे मूळ अपंगत्वामुळे घडत नाही. यातला मोठा भाग दवाखान्याच्या पायऱ्या, प्रवासाचा खर्च, डॉक्टरांचे अज्ञान आणि समाजाची वागणूक यांतून येतो. म्हणजेच तो टाळता येतो.

प्रतिबंध हवाच, पण तेवढाच नव्हे

सार्वजनिक आरोग्याने अपंगत्वाकडे वर्षानुवर्षे एकाच नजरेने पाहिले आहे. ते होऊ नये म्हणून काय करायचे, ही ती नजर. तिचे मोल मी कमी करत नाही. देशातला रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. माझ्या पिढीच्या डॉक्टरांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी कमाई. गोवर-रुबेलाची लस, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, आयोडीनयुक्त मीठ, कुष्ठरोगाचे लवकर निदान, यांनी किती डोळे, किती कान, किती हात वाचवले याची गणतीच नाही. ते काम चालूच राहिले पाहिजे.

पण या नजरेची एक सावली आहे. अपंगत्व टाळणे हेच यश मानले, की ज्याला ते आधीच आले आहे तो माणूस नकळत आपल्या अपयशाची खूण ठरतो. मग त्याला प्रमाणपत्र द्यायचे, साहित्य द्यायचे, वर्षातून एकदा सत्कार करायचा आणि पुढच्या गावाला जायचे. त्याच्या रोजच्या आरोग्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

कायद्याने मात्र हा क्रम नीट लावलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित यांचाही त्यात समावेश झाला. या कायद्याचे पंचविसावे कलम आरोग्याचे आहे. त्यात आधी उपचारांचे बोलले आहे: राहत्या ठिकाणाजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत आरोग्यसेवा, सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत विनाअडथळा प्रवेश, तपासणीत व उपचारांत प्राधान्य. प्रतिबंधाचा विषय त्यानंतर येतो. 'खासगी' हा शब्द या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे. तो वाचून दाखवला तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरली.

आकड्यांचेही असेच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. जगात सोळा टक्के आणि आपल्याकडे जेमतेम सव्वादोन, एवढा फरक कसा? आपण काही जगावेगळे सुदृढ नाही. फरक बराचसा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. "घरात कुणी अपंग आहे का?" असे विचारले, की उत्तर येते, "नाही." ओसरीवर आजोबा बसलेले असतात, त्यांना हाक ऐकू येत नाही, पण ते 'अपंग' नसतात, 'म्हातारे' असतात. वॉशिंग्टन गट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी गटाने यावर सहा साधे प्रश्न तयार केले आहेत. चष्मा लावूनही दिसायला, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा जिना चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करायला, आपले म्हणणे दुसऱ्याला समजवायला अडचण येते का? उत्तरे चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. त्यात 'अपंग' हा शब्द कुठेही येत नाही, म्हणून लोक खरे सांगतात. मानसिक आजार या सहा प्रश्नांत नीट पकडले जात नाहीत, ही त्यांची उणीव आहे. तरीही केसपेपरवर हे सहा प्रश्न आले, तर आमच्या ओपीडीत रोज किती दिव्यांग येतात हे आम्हालाच पहिल्यांदा कळेल.

चार चाळण्या

आता मूळ प्रश्न. सतरातून काय निवडायचे?

आपत्कालीन विभागात काम केलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. एकाच वेळी दहा जखमी आले, तर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे आधी धावायचे नसते. ज्याचा आवाज निघत नाही, त्याच्याकडे आधी बघायचे असते. वर्षाचे अग्रक्रमही असेच लावावे लागतात. आमच्या यादीत मोठ्याने ओरडणारे विषय पुष्कळ होते. वाटपाच्या कार्यक्रमाला पाहुणे मिळतात, फोटो छापून येतो. रक्तदाब मोजण्याचा फोटो कोण छापणार?

मी बैठकीत चार चाळण्या सुचवल्या. पहिली: यामुळे होणारे नुकसान मोठे आहे का आणि ते टाळता येण्यासारखे आहे का? दुसरी: हे काम आमच्या हातातले आहे, की दुसऱ्याने करावे अशी आमची मागणी आहे? मागणी जरूर करावी, पण तिला आपले वर्षभराचे काम म्हणू नये. तिसरी: पुढच्या मार्चमध्ये ते झाले की नाही, हे आकड्यात सांगता येईल का? 'जनजागृती' हा शब्द या चाळणीत अडकतो. चौथी आणि सर्वांत बारीक: ज्यांच्यासाठी हे करायचे, त्यांनी ते मागितले आहे का?

चर्चा झाली आणि ती गोडीगुलाबीची नव्हती. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बीपी मोजणे हा काय अग्रक्रम झाला? ते तर आपण करतोच." मी त्यांना माझ्या बुधवारची गोष्ट सांगितली. एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा आक्षेप अधिक वजनदार होता. नवजात बाळाचा बहिरेपणा पहिल्या काही महिन्यांत कळला तर त्याचे बोलणे वाचते, मग ते काम मागे का टाकायचे? मला तो आक्षेप पटला. पण त्या कामासाठी शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेपाची केंद्रे आहेत. आमच्या संघटनेने तिथे बाळे पाठवावीत, मदत करावी. समांतर शिबिर मांडू नये. एखादा विषय यादीतून कमी केला म्हणजे तो महत्त्वाचा नाही असा अर्थ होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर आहे, एवढाच अर्थ होतो. ज्याला कुणाचाच खांदा नाही, तो विषय आपण घ्यायचा.

प्रमाणपत्रांबद्दलही असाच वाद झाला. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या दिव्यांगांपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्याचे दिसले होते. ज्याच्याकडे कागद नाही त्याला पेन्शन नाही, सवलत नाही, आरक्षण नाही. तेव्हा प्रमाणपत्रांचे काम थांबवा, असे मी म्हणूच शकत नाही. माझे म्हणणे एवढेच की कागदासाठी आलेला माणूस कागद घेऊन तसाच परत जाऊ नये.

चौथ्या चाळणीपाशी मात्र सगळे अडले. कारण विचारणार कुणाला? हॉलमध्ये एकही दिव्यांग नव्हता. खाली झेरॉक्सच्या दुकानात होता.

खालच्या मजल्यावरची बैठक

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा बसलो, या वेळी एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात. झेरॉक्सवाले गृहस्थ आले. कमरेखाली लुळा पडलेला एक तरुण व्हीलचेअरवर आला, एक अंध शिक्षिका आल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई आली, आणि एक कर्णबधिर जोडपे आपल्या दुभाषी भाचीला घेऊन आले. आमची सतरा विषयांची यादी त्यांना वाचून दाखवली, खुणांच्या भाषेत सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग व्हीलचेअरवरचा तरुण म्हणाला, "सर, यात संडास कुठं आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो पुढे म्हणाला, "दवाखान्यात यायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. तिथं माझी खुर्ची आत जाईल असा संडासच नाही. तुम्ही मला सांगता, भरपूर पाणी पी, लघवीला जंतुसंसर्ग होतो. आणि तुमच्याकडंच यायचं म्हणून मी पाणी सोडतो."

मणक्याला दुखापत झालेल्या माणसाच्या आयुष्याला सर्वांत मोठे धोके असतात ते मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग, त्यातून मूत्रपिंडांवर होणारा परिणाम आणि एकाच जागी बसून होणाऱ्या जखमा. हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. पण सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. आमच्या सतरा विषयांत तो नव्हता आणि सत्तर विषय लिहिले असते तरी आला नसता. आमच्याविषयीचे निर्णय आम्हाला वगळून घेऊ नका, असे दिव्यांगांची चळवळ जगभर सांगत आली आहे. मी त्याकडे केवळ मानसन्मानाची मागणी म्हणून पाहत होतो. त्या वर्गात बसल्यावर कळले की ती निदानाची पद्धत आहे. पेशंटला न विचारता केलेले निदान जसे चुकते, तसेच हेही चुकते.

सतराचे तीन

दोन तासांनी फळ्यावर तीन कामे उरली.

पहिले काम: प्रमाणपत्र, पेन्शन, साहित्य, काहीही निमित्त असो, संघटनेच्या सदस्याकडे आलेल्या प्रत्येक प्रौढ दिव्यांगाचा रक्तदाब, वजन आणि रक्तातली साखर वर्षातून किमान एकदा तरी मोजली जाईल आणि केसपेपरवर लिहिली जाईल. स्त्रियांना स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल विचारले जाईल. टेबलावर चढता येत नाही म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदाही न झालेल्या बाया आमच्या आसपास आहेत. काही गोष्टी ज्याच्या त्याच्या अपंगत्वाप्रमाणे पाहायच्या आहेत. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी, मणक्याची दुखापत असेल तर त्वचा आणि लघवी, जुना पोलिओ असेल तर नव्याने आलेला अशक्तपणा. लहानपणी पोलिओ झालेल्यांना काही दशकांनंतर स्नायूंचा नवा दुबळेपणा आणि थकवा येऊ शकतो, हे अनेक डॉक्टरांच्याही लक्षात नसते.

दुसरे काम: दार, टेबल आणि संडास. प्रत्येक सदस्याने या महिन्यात टेप घेऊन स्वतःचा दवाखाना मोजायचा. उताराचा साधा नियम असा, की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. दवाखान्यापुढे अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर उंची दीड फूट झाली, म्हणजे उतार अठरा फुटांचा हवा. आपल्याकडे पाच-सहा फुटांत जो काँक्रीटचा तुकडा ओतलेला असतो तो उतार नव्हे, घसरगुंडी. आणि तिच्यावरही मोटरसायकली उभ्या असतात. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण दीड फुटावर असते आणि आमचे तपासणीचे टेबल पावणेतीन फुटांवर. मधले सव्वा फूट कुणी पार करायचे? मग वॉर्डातले मामा आणि मावशी माणसाला पोत्यासारखे उचलतात, किंवा डॉक्टर म्हणतात, "राहू द्या, खुर्चीतच बघतो." खुर्चीत पोट तपासता येत नाही. एक बुटके टेबल एवढाच याचा उपाय आहे.

"भाड्याची जागा आहे, मालक पायरी तोडू देत नाही," ही अडचण तरुण डॉक्टरांनी मांडली आणि ती खरी आहे. अशांनी उचलून ठेवता येणारा उतार वापरावा, तेही जमत नसेल तर आठवड्यातला एक तास जवळच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात बसावे, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, त्यातले किमान निकष बंधनकारक हवेत, असे स्पष्ट सांगितले आहे. उद्या नोटीस आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आज टेप हातात घेतलेला बरा.

तिसरे काम: पेशंटशी बोलायचे, सोबत्याशी नव्हे. हे सुचवले अंध शिक्षिकेने. त्या म्हणाल्या, "मी एम.ए. झाले आहे, पण डॉक्टर माझ्या भाच्याला विचारतात, 'यांना भूक लागते का?'" कर्णबधिर माणसाला लिहून दाखवले की भागते, हा आमचा आणखी एक गैरसमज. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे, त्यांतल्या अनेकांना मराठी वाचणे जड जाते. त्यामुळे दुभाषी लागतो, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. तो पतीने किंवा लहान मुलाने व्हावे, हे बरे नव्हे. स्त्रीच्या तपासणीत तर नाहीच. बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस 'दुखते' असे सांगत नाही. तो जेवण सोडतो, डोके आपटतो, रात्रभर जागतो. आणि आम्ही म्हणतो, "ही अशीच मुलं असतात." दाताचे गळू, कानातला संसर्ग, बद्धकोष्ठ, सगळे त्या एका वाक्याखाली गाडले जाते. म्हणून ठरले असे, की या वर्षी संघटनेच्या दर तीन महिन्यांच्या व्याख्यानाला वक्ता बाहेरचा प्राध्यापक असणार नाही. या वर्गात आलेलीच माणसे आम्हाला शिकवतील आणि त्यांना मानधनही मिळेल.

पुढे-मागे शिकवणारा स्वतः डॉक्टरही असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक मर्यादेपुढे आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे पाहावे लागेल. म्हणजे आकडा आणि माणूस यांतला फरक न्यायालयानेही मांडला. दिव्यांग डॉक्टर आमच्या संघटनांत वाढतील, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे हॉल आपोआप बंद होतील.

वाचकांसाठी

हे तीन अग्रक्रम डॉक्टरांचे असले तरी ते पुरे होतात की नाही, हे वाचकांच्या हातात आहे. तुमच्या घरात दिव्यांग माणूस असेल तर पुढच्या वेळी दवाखान्यात, कारण कोणतेही असो, निघताना एवढे विचारा: "डॉक्टर, बीपी, वजन आणि साखर मोजता का?" त्यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवा. स्वतः बोलू शकणाऱ्या माणसाच्या वतीने तुम्ही उत्तरे देऊ नका, त्याला बोलू द्या. न बोलणाऱ्याच्या वागण्यात अचानक बदल झाला, तर त्यामागे दुखणे असेल असे आधी समजा. आणि दवाखान्यात संडास वापरण्याजोगा नसेल, तर लाजू नका, सांगा. आम्हाला खरोखरच दिसत नाही.

आमच्या दोन सहकाऱ्यांना हा निर्णय आवडलेला नाही. वाटपाचा कार्यक्रम यंदा संघटना करणार नाही, याचे त्यांना वाईट वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि दिलेल्या व्हीलचेअरने कुणाचे तरी आयुष्य सोपे होतेच. पण ती व्हीलचेअर आमच्याच दवाखान्याच्या पायरीशी अडणार असेल, तर आधी पायरी पाहायला हवी.

किती दिव्यांगांचा रक्तदाब मोजला, किती दवाखान्यांचे दार आणि टेबल बदलले, किती ठिकाणी खुर्ची आत जाईल असा संडास झाला, हे तीन आकडे पुढच्या मार्चमध्ये याच स्तंभात मी देईन. ते लाजिरवाणे असले तरी देईन.

ती शिवणकाम करणारी बाई आता दर महिन्याला गोळ्या न्यायला येते. रक्तदाब काबूत आहे. डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला ती शिकते आहे. दर वेळी खोलीत आली, की मी काही विचारायच्या आधी बाही वर करून दंड पुढे करते. मी पट्टा बांधतो. या कामाला दोन मिनिटे लागतात.